सिलिकॉनची लिपी आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. कॉम्प्युटरच्या जुन्या चिपा फोडून, त्यांच्या पोटात काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली वाचणाऱ्या माणसांविषयी मी बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर आहे, इंजिनियर नाही. परंतु हा विषय मुळात वाचनाचा आहे, आणि वाचन शिकवणे हा तर माझा पेशाच आहे.

विषय निवडण्याचे कारण आधी सांगतो. जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत जा. मोबाईल दुरुस्तीच्या, मोटार वाइंडिंगच्या दुकानांत आपली मुले बसलेली दिसतील. त्यांच्या हातात कसब आहे. पालक येऊन सांगतात, "सर, पोराला काम आलं. मामूच्या दुकानात बसतो, दोन पैसे आणतो. आता कॉलेजात घालून काय करायचं?" या प्रश्नाला रागावून उत्तर देणे सोपे आहे. पण प्रश्न खरा आहे, घरखर्चाचा आहे, तेव्हा उत्तरही खरे असले पाहिजे. ते शोधता शोधता मी या विषयापाशी आलो.

प्रथम आपल्याच तालुक्यातील गोष्ट घेऊ. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्यात यज्ञातील दक्षिणांचा हिशेब असून भारतातील अतिशय जुने अंक तेथे कोरलेले आहेत. शेकडो वर्षे व्यापारी, बैलवाले, सैनिक त्या भिंतीसमोरून गेले. अक्षरे सर्वांना दिसत होती. वाचता मात्र कोणालाच येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीची किल्ली शोधली. कशी? सांची येथील अनेक छोट्या लेखांच्या शेवटी तीच ती दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी हेरले. देणगी देणाऱ्यांचे हे लेख असणार, तेव्हा शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे, असा त्यांनी तर्क केला. तो बरोबर ठरला आणि बंद दार उघडले. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतील अनेक लेखांतही 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, हा शब्द असाच वारंवार येतो.

पुन्हा पुन्हा येणारी आकृती हेरायची, ती कोठे येते ते पाहायचे, तिच्या कामाचा तर्क करायचा आणि तो तपासून घ्यायचा. लिपी वाचण्याची ही रीत ध्यानात ठेवा. चिप वाचणारे लोक हेच करतात.

आता चिप म्हणजे काय ते पाहू. १९७५ साली अमेरिकेतील एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाचा प्रोसेसर बाजारात आणला. किंमत होती अवघे २५ डॉलर. इतर कंपन्यांचे प्रोसेसर त्या वेळी याच्या कितीतरी पट महाग होते. या स्वस्ताईमुळे कॉम्प्युटर घराघरांत व शाळांत पोहोचला. ॲपल कंपनीचे पहिले कॉम्प्युटर याच चिपेवर चालले. आपल्या सरकारने १९८४-८५ साली 'क्लास' नावाचा कार्यक्रम काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर दिले. त्यांच्या पोटातही ६५०२ च होता. भारतातील अनेक शाळकरी मुलांनी पहिला कॉम्प्युटर पाहिला, तो हा.

या चिपेचा सिलिकॉनचा तुकडा सुमारे चार मिलीमीटर लांब-रुंद, म्हणजे नखाच्या कोपऱ्याएवढा. त्यावर सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे काय, हे आपल्या शेतकरी बांधवांना सांगणे अवघड नाही. कुकडीच्या कालव्याची चारी डोळ्यांसमोर आणा. चारीत पाणी आहे आणि तिला आडवा दरवाजा आहे. दरवाजा उचलला की पाणी वाहते, पाडला की थांबते. चिपेवर सिलिकॉनची एक पट्टी असते, ती चारी. तिला आडवी जाणारी दुसऱ्या थराची पट्टी म्हणजे दरवाजा. जेथे जेथे ही पट्टी त्या पट्टीला ओलांडते, तेथे तेथे एक ट्रान्झिस्टर तयार होतो.

आता एकाच चारीवर एकामागे एक दोन दरवाजे असतील, तर पाणी शेतात केव्हा जाईल? दोन्ही उघडे असतील तेव्हाच. आणि दोन दरवाजे शेजारी शेजारी दोन वाटांवर असतील तर? कोणताही एक उघडा असला तरी पुरे. 'हे आणि ते', 'हे किंवा ते'. तर्कशास्त्रातील हे दोन शब्द अशा रीतीने दगडावर कोरावेत तसे सिलिकॉनवर कोरलेले असतात. बेरीज, वजाबाकी, तुलना असे कॉम्प्युटरचे सारे व्यवहार या साध्या शब्दांच्या जोडणीतून उभे राहतात.

ही लिपी वाचायची तर आधी चिपेचे कवच काढावे लागते. जुन्या काही चिपांवर चिनी मातीचे आवरण व धातूचे झाकण असे. ते जपून उचकटता येते. काळ्या प्लॅस्टिकच्या चिपेला मात्र तीव्र व तापवलेल्या आम्लात घालून आवरण विरघळवावे लागते. मुलांनो, हे काम घरी किंवा शाळेत कधीही करायचे नाही. त्याची वाफ फुफ्फुसे जाळते. सुसज्ज प्रयोगशाळेतील जाणत्यांचेच ते काम आहे.

आतला तुकडा मोकळा झाला की तो धातुशास्त्रातील सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. आपल्या शाळेतील सूक्ष्मदर्शकात प्रकाश खालून येतो. सिलिकॉन अपारदर्शक असल्यामुळे येथे प्रकाश वरून, भिंगातूनच टाकावा लागतो. एका वेळी लहानसाच भाग दिसतो, म्हणून एकमेकांवर थोडे चढणारे अनेक फोटो काढून ते जोडतात. मग वरचा धातूचा थर रसायनाने काढून खालच्या थराचे पुन्हा तसेच फोटो घेतात.

२००९ च्या उन्हाळ्यात ग्रेग जेम्स, बॅरी सिल्वरमन व ब्रायन सिल्वरमन यांनी ६५०२ वर हेच केले. एका चिपेच्या फोटोंवरून त्यांनी सुमारे वीस हजार आकृत्या एकेक करून आखल्या: कोठे पट्टी, कोठे दरवाजा, कोठे दोन थर जोडणारा ठिपका. या नकाशाला कॉम्प्युटरमध्ये घालून २०१० साली त्यांनी ती चिप पडद्यावर जिवंत करून दाखवली. कोणत्या तारेत केव्हा वीज आहे, हे प्रत्येक ठोक्याला दिसू लागले.

वाचताना खुणा कशा सापडतात पाहा. एकसारख्या आठ पट्ट्या शेजारी शेजारी दिसल्या, की ओळखावे की येथे आठ अंकी संख्येवर काम चालते. दोन उलटकारक मंडले एकमेकांकडे तोंड करून जोडलेली दिसली, की ती एक अंक लक्षात ठेवण्याची जागा. आणि एका बाजूला जाळीदार मोठा पट्टा दिसला, की तो हुकूम ओळखणारा भाग. ६५०२ मध्ये त्यात १३० ओळी आहेत. हेच आपले 'दानं' आणि 'देयधम'.

या वाचनाने काय मिळाले? ६५०२ ला २५६ प्रकारचे हुकूम देता येतात, परंतु कंपनीच्या पुस्तिकेत फक्त १५१ सांगितले होते. उरलेले दिले तर चिप काहीतरी विचित्र करी. असे का, याचे उत्तर नकाशात मिळाले. त्या जाळीतील दोन-तीन ओळी एकाच वेळी जाग्या होतात आणि दोन हुकूम एकमेकांत मिसळतात. पुस्तिकेने न सांगितलेले सिलिकॉनने सांगितले.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे आहे. १९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या अमेरिकन प्राध्यापकांना इंटेलचा नवा पेंटियम प्रोसेसर भागाकारात चुकतो असे आढळले. विद्यार्थ्यांनो, घरी करून पाहा: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. बरोबर उत्तर १.३३३८२ येते, पेंटियम १.३३३७४ देत असे. भागाकारासाठी चिपेत एक कोष्टक कोरलेले होते आणि त्यातील पाच घरे रिकामी राहिली, असे कंपनीने सांगितले. या प्रकरणात तिला ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भुर्दंड बसला. पुढे तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, केन शिरिफ यांनी ती चिप सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन कोष्टकाची घरे मोजली. रिकामी घरे निघाली सोळा! त्यांपैकी पाचच उत्तर बिघडवत होती, बाकी अकरा निरुपद्रवी होती. मोठ्या कंपनीने सांगितले म्हणून न थांबता त्यांनी स्वतः मोजून पाहिले. विद्येची वृत्ती म्हणतात ती हीच.

डोळ्यांवर विसंबूनही भागत नाही. १९७६ च्या झेड-८० या प्रोसेसरमध्ये काही ट्रान्झिस्टर मुद्दाम फसवे बनवले होते. दिसायला नेहमीचे, वागायला वेगळे. नुसती नक्कल करणाऱ्याची चिप त्यामुळे चालत नसे. म्हणजे जो समजून वाचतो आणि तपासून घेतो तोच तरतो; जो आंधळेपणाने उतरवून घेतो तो फसतो. परीक्षेत शेजाऱ्याचे उतरवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे!

कोणी विचारील, दुसऱ्याने बनवलेली वस्तू उघडून पाहणे ही चोरी नव्हे काय? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या देशात यासाठी २००० सालचा कायदा आहे. चिपेच्या आराखड्याला तो दहा वर्षे संरक्षण देतो. मात्र अभ्यास, संशोधन व अध्यापन यांसाठी आराखड्याचे विश्लेषण करण्यास तो मुभा देतो. नक्कल करून विकणे गुन्हा, समजून घेणे नाही. हा फरक मुलांना लहानपणीच कळावा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. कवच काढणे, फोटो घेणे ही कामे हाताची आहेत. आपल्या दुरुस्तीवाल्या मुलांच्या हातांत ती स्थिरता आहे. पण आम्ल कशावर चालते हे रसायनशास्त्र सांगते; प्रकाश वरून का टाकायचा हे पदार्थविज्ञान सांगते; 'आणि', 'किंवा' यांची जोडणी गणित सांगते; कायदा व पुस्तिका वाचायला भाषा लागते. हात चिपेच्या दारापर्यंत नेतो, आत जायला पुस्तक लागते. दुकानात बसलेला मुलगा 'हा आयसी गेला, दुसरा टाकू' इथवर येतो. का गेला, हे सांगू शकणारा मुलगा वेगळ्या वाटेने जातो. आणि आजच्या चिपांच्या रेषा तर प्रकाशाच्या लहरीहूनही बारीक आहेत; साध्या भिंगाने त्या दिसतच नाहीत. दरवर्षी वस्तू अशा बदलत जातील, आणि केवळ पाहून शिकलेले कसब मागे पडेल.

ही वाट दूर मुंबईत किंवा परदेशातच आहे असे समजू नका. आपल्या खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांचे संदेश केंद्रात येतात आणि तेथे प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहिला जातो. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. नववीच्या मुलांनी मोजून पाहाव्यात. ते काम चिपाच करतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे विज्ञान प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन जा, मुलींना तर अवश्य न्या. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन व शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दहावीनंतर पदविकेला तेथे जाता येते. मुंबईच्या आयआयटीत 'अजित' नावाचा भारतीय प्रोसेसर तयार झाला. इस्रोसाठीचा 'विक्रम' प्रोसेसर मोहालीच्या सरकारी कारखान्यात बनून २०२५ साली देशासमोर आला. हे बनवणारी माणसेही कोणा गावच्या शाळेत शिकलेली असतील.

पालकहो, मुलाला दुकानातून उठवा असे मी म्हणत नाही. सुट्टीत बसू द्या, संध्याकाळी बसू द्या. ते कसब त्याची पुंजी आहे. पण दहावीवर त्याचे पुस्तक मिटू नका. आणि ज्या मुलीला 'कॉलेज लांब आहे' म्हणून घरी बसवायचे मनात असेल, तिच्यासाठी एस.टी.च्या पासाची चौकशी एकदा शाळेत येऊन करा. आम्ही शिक्षक सोबत फॉर्म भरू.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडून मला एवढेच हवे आहे. घरात एखादा बिघडलेला रेडिओ किंवा घड्याळ असेल, तर अब्बांची परवानगी घेऊन, विजेची तार काढून तो उघडा. आतील प्रत्येक भागाची वहीत आकृती काढा. जो भाग कळला नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह घाला आणि ती वही घेऊन विज्ञानाच्या शिक्षकांकडे या. नाणेघाटातील अक्षरे शेकडो वर्षे कोणीतरी वाचील म्हणून थांबली होती. तुमची वही इतकी थांबवू नका, सोमवारीच आणा.