कुमारांची पुस्तके, थोरांचे वाचन

वय वाढले की वाचनानेही प्रौढ झाले पाहिजे, अशी एक समजूत सुशिक्षित समाजात रूढ आहे. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचण्यात रमलेला गृहस्थ कोणी आल्याची चाहूल लागताच पुस्तक मिटतो, तो या समजुतीमुळेच. हा संकोच कितपत सयुक्तिक आहे?

मराठी वाङ्मयाची साक्ष तरी वेगळी आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे हे पुस्तक घरोघरी मुलांच्या हाती गेले. परंतु त्यातील श्याम आपल्या आठवणी सांगतो, त्या रात्रीच्या प्रार्थनेनंतर जमलेल्या आश्रमातील सोबत्यांना. बालपणाचे मोल बालपण सरल्यावरच पुरतेपणी उमगते, हेच त्यातून दिसून येते.

प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' हा कथासंग्रह १९९४ मध्ये आला, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यातील लंपन हा शाळकरी मुलगा आईवडिलांपासून दूर, कानडी-मराठी मुलखात आजी-आजोबांजवळ राहतो. कुमार वाचकाला त्याची आईची ओढ कळते. प्रौढ वाचकाला त्याखेरीज मुलाला दूर ठेवणाऱ्या आईचे मनही जाणवते. एकाच कथेतून दोन पिढ्यांची दुःखे कळणे, हा प्रौढ वाचकाचा विशेष लाभ होय.

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी वाचकाला तर लंपन अधिकच जवळचा वाटावा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवटचा भाग नांदेडला जोडला गेला. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस राहिलेल्या मराठी घरांतील कित्येक मुले घरात मराठी आणि शाळेत, बाजारात तेलुगू बोलत वाढतात. लंपनच्या कानांवर कानडी आणि मराठी एकत्र पडतात. इथे कानडीच्या जागी तेलुगू आहे, इतकाच काय तो फरक. दोन भाषांच्या सीमेवरचे असे बालपण कथेत भेटले की ते उणेपणाचे नव्हे, संपन्नतेचे वाटू लागते.

म्हणूनच हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. जे मूल तेलुगू किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, त्याला मराठी ग्रंथाची गोडी लागावयाची ती बहुधा घरातच. 'मराठी वाच' असा नुसता उपदेश तेथे निष्फळ ठरतो. परंतु वडील माणूस पुस्तकात रंगून हसताना दिसले, तर मूल आपण होऊन विचारते, 'बाबा, काय आहे त्यात?' त्या वेळी तात्पर्य सांगत बसू नये. जेथे हसू आले, ते पान मोठ्याने वाचून दाखवावे. पुढचे पान मूल स्वतःच उलटेल.