सही करण्याआधीचे तीन दिवस

हातातले काम चालू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही एका घरखरेदीची गोष्ट सांगणार आहोत. घर आहे नेदरलँड देशातल्या उट्रेख्त शहरात, आणि त्याचा हिशेब झाला आमच्या गटाच्या बैठकीत, समाजमंदिराच्या सतरंजीवर.

झाले असे. आमच्या गटातल्या एक मावशी बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "मला आठ लाख पाहिजेत. गट किती देईल ते सांगा, उरलेल्याला मी दागिने गहाण टाकते." आम्ही चौदा जणी एकमेकींकडे बघत राहिलो. मावशींची लेक आणि जावई गेली सहा वर्षे तिकडे नोकरी करतात. त्यांनी घर घ्यायचे ठरवले होते आणि पैसे कमी पडत होते. एवढेच मावशींना माहीत होते.

आमच्या गटाचा एक नियम आहे. कर्ज मागणारीने कारण सांगायचे आणि फेड कशी होणार तेही सांगायचे. आम्ही म्हणालो, "मावशी, लेकीला इथूनच फोन लावा." लेक फोनवर आली. तिने आधी घर दाखवले.

ते घर म्हणजे तिकडे सगळीकडे दिसते तसे रांगेतले घर. आपल्याकडे चाळीतल्या खोल्या जशा भिंतीला भिंत लावून असतात, तशी तिथे पूर्ण घरेच एकमेकांना चिकटून उभी असतात. समोरून अरुंद, पण उंच. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या तीन खोल्या, त्याच्यावर कौलाखालचा माळा. जिना इतका उभा की मावशी म्हणाल्या, "हा तर शिडीसारखा आहे गं." मागे छोटे परसू आणि सायकली ठेवायची खोपी. वस्तीचे नाव लाइडशे राइन. शहराच्या पश्चिमेला शेतजमिनीवर १९९० च्या दशकाच्या शेवटी ही वस्ती बांधायला घेतली, सुमारे ३०,००० घरांचा आराखडा करून. मधून मोठा महामार्ग जात होता. तो बोगद्यात घातला आणि बोगद्याच्या छपरावर बाग केली. घरे गरम ठेवायला गरम पाणी नळातून येते, त्यामुळे अनेक घरांत गॅसच नाही. मावशींचा पहिला प्रश्न, "मग भाकरी कशावर फुगवतेस?" लेक हसली. म्हणाली, "विजेच्या शेगडीवर तव्यातच फुगवते आई, जमते आता."

मग आम्ही विचारले, पैसे कमी कसे पडले? तिने सांगितले ते नीट ऐका.

तिथे घर विकायला निघाले की बघायला थोडा वेळ मिळतो. मग ज्याने त्याने आपला आकडा कळवायचा. दुसऱ्याचा आकडा कळत नाही. लिलावात निदान समोरची बोली ऐकू येते. हे पाकीटबंद टेंडरसारखे. या दोघांच्या हातून आधी चार घरे गेली होती. म्हणून या खेपेला भीतीपोटी आकडा वाढवला. घराची मागणी ५,५०,००० युरो. यांनी लिहिले ५,८०,०००.

आता अडचण बघा. तिथे बँक घराच्या मूल्यांकनाएवढेच कर्ज देऊ शकते, त्याच्या वर नाही. त्यांच्या एजंटाचा अंदाज होता की मूल्यांकन ५,६०,००० च्या आसपास येईल. म्हणजे वरचे २०,००० खिशातून. शिवाय घर घेणाऱ्याला किमतीच्या दोन टक्के सरकारी कर, म्हणजे ११,६००. वर नोटरी, मूल्यांकन, एजंट यांचे मिळून साडेसहा हजार. बेरीज झाली ३८,१००. साठवलेले होते ३०,०००. हिशेबाला सोपे म्हणून एक युरो म्हणजे शंभर रुपये धरा. खड्डा आठ लाखांचा.

आमच्या सचिवताई वहीत आकडे मांडत होत्या. त्यांनी विचारले, "करार झालाय का? आणि पैसे उभे राहिले नाहीत तर?"

लेक गप्प झाली. मग म्हणाली, सही कालच झाली. तिथल्या करारात एक अट घालता येते, की बँकेने कर्ज दिले नाही तर आम्ही दंडाशिवाय मोकळे. पण ती अट घातली की विकणारा दुसऱ्याला पसंत करतो, म्हणून यांनी ती घातलीच नव्हती. आणि व्यवहार मोडला तर दंड किमतीच्या दहा टक्के. ५८,००० युरो. म्हणजे ५८ लाख रुपये.

सतरंजीवर कोणी बोलेना. मावशींनी पदर तोंडाला लावला.

पण त्याच देशाच्या कायद्यात एक सोय आहे. राहते घर घेणाऱ्या माणसाला, सही झालेल्या कराराची प्रत हातात पडल्यापुढे तीन दिवस विचाराला मिळतात. त्या तीन दिवसांत कारण न सांगता माघार घेता येते, दंड नाही. प्रत मिळाली होती मंगळवारी. आमची बैठक होती बुधवारी. शुक्रवार संपेपर्यंत मुदत होती.

आम्ही तिला घे किंवा घेऊ नको, असे सांगितले नाही. तो अधिकार आमचा नाही. आम्ही तीनच गोष्टी विचारल्या. मूल्यांकन अंदाजापेक्षाही कमी आले तर काय? दोघांपैकी एकाची नोकरी सुटली तर हप्ता निघेल का? आणि आईचे दागिने तू किती वर्षांत सोडवून देशील? ती म्हणाली, "मावशी, तिसरा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता."

त्या रात्री दोघे नवराबायको हिशेब घेऊन बसले. गुरुवारी त्यांनी लेखी माघार कळवली. लेक रडली. जावईबापू दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मावशींनाही वाटले, माझ्यामुळे पोरीचे घर गेले. आम्हीही अस्वस्थ होतो. खोटे कशाला सांगायचे?

पाच महिन्यांनी त्यांना त्याच शहरात दुसरे रांगेतले घर मिळाले. थोडे जुने, परसू लहान, थंडीत गरम ठेवायला खर्च थोडा जास्त. पण या वेळी आधी वरची मर्यादा कागदावर लिहिली, मग आकडा कळवला, आणि कर्जाची अट घातली. आईकडून एक रुपया घेतला नाही.

शेवटची सही नोटरीसमोर झाली. तिथला नोटरी म्हणजे सरकारने नेमलेला कायद्याचा जाणकार. घराचे पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि जमिनीच्या सरकारी नोंदवहीत तोच नोंद करवतो. लेकीला डच भाषा पुरती येत नाही, म्हणून दुभाषा बसवून कागद समजावून सांगितला. घर दोघांच्या नावावर झाले. नाव दोघांचे तसे कर्जही दोघांचे, हेही तिला सांगितले गेले.

हे ऐकून मावशी पुढच्या बैठकीत म्हणाल्या, "माझ्या लेकीला परक्या मुलखात कागद वाचून दाखवला. मी इथे दोनदा अंगठा दिला, कशावर ते अजून ठाऊक नाही." मग त्यांनीच विचारले, "माझे घर कोणाच्या नावावर आहे गं?"

आम्ही सगळ्या जणींनी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चे उतारे काढले. चौदा घरांपैकी तीन घरांवर बाईचे नाव होते. मावशींच्या घरावर सासऱ्यांचे नाव निघाले, ते जाऊन अकरा वर्षे झाली. आता आठ जणींनी दोघांची नावे लावण्यासाठी अर्ज दिले आहेत. दोघींच्या घरात यावरून कुरबुर चालू आहे. त्यांच्या घरी आम्ही जाऊन बसणार आहोत.

मैत्रिणींनो, महाराष्ट्रात २०२१ पासून बाईने स्वतःच्या नावावर घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. घरात नवे घर घ्यायचे बोलणे निघाले तर हे जरूर सांगा.

आणि एक ध्यानात ठेवा. आपल्याकडे सही केल्यावर विचाराला असे तीन दिवस मिळतील, या भरवशावर राहू नका. ते तीन दिवस आपणच आधी घ्यायचे. कागद घरी आणायचा, गटात वाचून घ्यायचा, मग सही. "आजच्या आज करा" असे कोणी म्हणाले तर म्हणायचे, बैठक झाल्यावर सांगते.

येत्या बैठकीला आपापल्या घराचा उतारा घेऊन या. आम्ही मावशींचा घेऊन बसलेलो असू. नमस्कार.