परिचारिकेची उचल

(मिरज येथे परिचारिका, नर्सिंगच्या विद्यार्थिनी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आयोजकांनी मला विषय दिला आहे तो 'परदेशातील नोकरीच्या संधी' हा. संधी या शब्दाविषयी अर्थशास्त्राच्या माणसाने थोडे सावध असावे. ती कोणाला मिळते, किती किमतीला मिळते आणि ती किंमत कोणाच्या खिशातून जाते, हे विचारल्यावाचून संधी आणि सापळा यांतला फरक कळत नाही. परदेशी जा असे मी आज सांगणार नाही आणि जाऊ नका असेही सांगणार नाही. ज्या मुलीला स्वतःच्या जिल्ह्यात पोटापुरते वेतन मिळत नाही तिला देशसेवेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच नाही. दरमहा निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाला तर मुळीच नाही.

आरंभ इथल्या पगारापासूनच केला पाहिजे. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या रुग्णालयातील परिचारिकेचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. महागाई भत्ता आणि परिचारिका भत्ता वेगळा. आणि आपल्याच भागातील खासगी दवाखान्यांत तीन-चार वर्षांचे शिक्षण घेतलेल्या मुली बारा-पंधरा हजारांवर रात्रपाळ्या करताना मी पाहतो. शिक्षण तेच, नोंदणी तीच, सलाइनची बाटली तीच. मग तिपटीचा फरक कशाचा? संघटित असण्याचा आणि नसण्याचा, हेच त्याचे मुख्य उत्तर आहे.

हा अन्याय न्यायालयापुढे गेला नाही असे नाही. जानेवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. समितीने त्याच वर्षी सांगितले की, दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयाने राज्य सरकारइतके वेतन द्यावे, शंभरावर खाटा असतील तर फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभर खाटांसाठी पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासांहून कमी खाटांच्या दवाखान्यानेही वीस हजारांच्या खाली जाऊ नये. केंद्राने या शिफारशी राज्यांकडे धाडल्या, कारण आरोग्य हा राज्यांचा विषय. शिफारशीला दात नसतात. केरळात ते दात परिचारिकांनी स्वतः बसवले. २०१७ सालचे आंदोलन आणि पुढच्या वर्षी पुन्हा दिलेली संपाची हाक यांनंतर एप्रिल २०१८ मध्ये तेथील सरकारने किमान वेतन कायद्याखाली अधिसूचना काढून वीस हजारांचे किमान मूळ वेतन ठरवले. आज त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली असली तरी किमान वेतन ठरविण्याचा राज्याचा अधिकार कायम आहे. म्हणजे महाराष्ट्राचे हात बांधलेले नाहीत. ते खिशात आहेत इतकेच. शासकीय सेवेतही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. मे २०२२ मध्ये आपल्या राज्यातील शासकीय परिचारिकांना बाह्यस्रोताने होणाऱ्या भरतीविरुद्ध आणि केंद्राप्रमाणे ७,२०० रुपये भत्ता मिळावा म्हणून संपावर जावे लागले.

इथल्या पगाराविषयी मी इतके का बोलतो? कारण परदेशी जाणारी मुलगी कोणत्या अटी मान्य करील हे तिथला पगार ठरवीत नाही, इथला ठरवतो. जून २०१४ मध्ये इराकमधील तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका युद्धाच्या तोंडी अडकल्या. ५ जुलैला त्या सुखरूप कोचीला परतल्या, हे आपणांस आठवत असेल. पण आरंभी त्यांच्यापैकी अनेकजणी परतण्यास राजी नव्हत्या, हे आपण विसरलो. बाहेर बंदुका होत्या. पण पगार थकला होता आणि घरी शिक्षणाचे कर्ज उभे होते. परतलेल्या मुलीला इथे जो पगार मिळाला असता त्यातून ते कर्ज फिटणारे नव्हते. माणूस बंदुकीपेक्षा हप्त्याला अधिक भितो, अशी अवस्था आपण निर्माण केली आहे.

या भागातल्या श्रोत्यांना 'उचल' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग हंगामभर ती फेडीत राहतो. कोयता टाकून तो जाऊ शकत नाही. परदेशी निघालेल्या परिचारिकेचीही हीच गत पुष्कळदा होते. फक्त मुकादम टाय लावतो आणि कोयत्याऐवजी हाती करारपत्र असते. २०१५ साली कुवेतच्या भरतीत कोचीच्या एका एजन्सीविरुद्ध सीबीआयने गुन्हा नोंदवला. नियमाने १९,५०० रुपये घेण्याची मुभा असताना मुलींकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचा तो आरोप होता. पुढे एक शून्य नव्हे, दोन शून्ये! त्याच वर्षी केंद्राने आखाती व तत्सम देशांकडील परिचारिकांची भरती खासगी दलालांकडून काढून सरकारी संस्थांकडे सोपविली. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यांतील पहिल्या. निर्णय योग्य होता. पण ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड हे देश त्या यादीबाहेर आहेत आणि दलालांनी आपली दुकाने तिकडे हलवली.

आता ब्रिटनचा हिशेब मांडू, कारण आज बहुतेक मुलींच्या डोळ्यांपुढे तोच देश आहे. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेत परिचारिकेची नेमणूक 'बँड पाच' वर होते. २०२५-२६ सालचे त्याचे आरंभीचे वेतन वर्षाला ३१,०४९ पौंड. पौंडाला एकशेवीस रुपये धरले तर महिना तीन लाखांच्या वर. दलाल एवढेच सांगतो आणि थांबतो. इथे अतिदक्षता विभागात दहा वर्षे काढलेली सिस्टरही पुष्कळदा याच पहिल्या पायरीवर उभी केली जाते; आणि तिथली प्रात्यक्षिक परीक्षा उत्तीर्ण होऊन नोंदणी मिळेपर्यंत बहुधा त्याहून खालच्या बँडचे वेतन मिळते. प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी वजा जाता हाती येतात महिना सुमारे दोन हजार पौंड.

पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. लंडनबाहेरच्या गावात एकटी मुलगी दोघी-तिघींबरोबर घर वाटून राहिली तर खोली, वीज, जेवण, बस मिळून आठ-नऊशे पौंडांत भागवील आणि हजार-अकराशे पौंड मागे टाकील. नवरा आणि मूल बरोबर नेले की चित्र पालटते. लहानसे स्वतंत्र घर नऊशे-हजार पौंड, नगरपालिकेचा कर दीडशेच्या आसपास, वीज-पाणी-फोन दोनशे, किराणा साडेतीनशे, प्रवास शंभर. शिल्लक दोन-अडीचशे पौंडांवर येते. तेव्हा घरी येणारे लाख-सव्वा लाख रुपये पगारातून येत नाहीत, कुटुंबापासून दूर राहण्यातून येतात. नवऱ्याला काम करता येते हे खरे. पण मग मूल कोणी सांभाळायचे? नोकरदार पालकांसाठी तेथील सरकार पाळणाघराचे जे वाढीव तास देते ते या कुटुंबाला सामान्यतः मिळत नाहीत, कारण त्यांच्या व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा आधार नाही' असा शिक्का असतो. मुलांचा सरकारी भत्ताही नाही. कर मात्र पहिल्या महिन्यापासून पुरता घेतला जातो. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०२० साली सुरू झालेल्या आरोग्यसेवकांच्या व्हिसावर आरोग्य अधिभार माफ आहे. तेवढी सवलत मोठी आहे.

मात्र पगाराहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. ब्रिटनने परिचारिकांसाठी आपला दरवाजा नळासारखा वापरला आहे. शतकाच्या आरंभी मोठी भरती केली. २००६ साली साध्या परिचारिका टंचाईच्या यादीतून काढल्या. २०१५ मध्ये टंचाई भासताच पुन्हा घातल्या. करोनानंतर नळ पूर्ण सोडला, इतका की परदेशी शिकलेल्या नव्या नोंदण्यांत भारत फिलिपाइन्सच्याही पुढे गेला. आता तो पुन्हा आवळला जात आहे. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी आणलेल्या केअर वर्करांना मार्च २०२४ पासून कुटुंब आणण्यास बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये त्यांची परदेशातून भरतीच बंद करण्यात आली. कायमच्या वास्तव्यासाठी पाच वर्षांऐवजी सामान्यतः दहा वर्षे थांबावे, असा प्रस्ताव मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आला. त्या परवान्याची फी २०२५ साली माणशी ३,०२९ पौंड होती. चौघांचे बारा हजार झाले. पाच वर्षांचा हिशेब करून निघालेल्या मुलीला वाटेत दहा वर्षे सांगितली, तर तिने दाद कोणाकडे मागावी?

जर्मनीचा इतिहास तर आपण मुद्दाम वाचला पाहिजे. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या वाटेने केरळातील कोवळ्या मुली पश्चिम जर्मनीच्या रुग्णालयांत गेल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे गरज ओसरली आणि त्यांतल्या कित्येकींचे परवाने वाढवून देण्यात आले नाहीत. ज्या राहिल्या त्यांच्या नवऱ्यांना वर्षानुवर्षे कामाची परवानगी नव्हती. शिकलेसवरलेले पुरुष घरी मुले सांभाळीत बसले. (ते वाईट झाले असे नाही, पण ते त्यांनी निवडले नव्हते.) आजची जर्मनी बरीच निराळी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नोर्काने तेथील सरकारी संस्थांशी केलेल्या 'ट्रिपल विन' करारात मुलींकडून भरतीचा पैसा घेतला जात नाही आणि भाषाही शिकवली जाते. पदवीला मान्यता मिळेपर्यंत साहाय्यकाचे काम; योजनेच्या आरंभी त्याचे सुमारे २,३०० युरो मिळत, मान्यतेनंतर २,८०० युरो. त्यातून कर व विमा वजा जाता एकोणीसशेच्या आसपास उरत. कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, हे २०२३ नंतरचे मोठे आकर्षण. पण सारी भिस्त भाषेवर. बी-टू पातळीची जर्मन ही चार महिन्यांत पाठ करण्याची गोष्ट नव्हे. आणि मान्यता अडली की मुलगी साहाय्यकाच्या पगारावर अडकते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठविण्याचा करार केला. त्याखाली किती मुली गेल्या, काय पगारावर गेल्या, किती परतल्या, हे सरकारने छापून सांगावे.

अमेरिकेविषयी थोडक्यात. तेथे नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यक वेतन मे २०२४ मध्ये वर्षाला ९३,६०० डॉलर होते आणि कायद्यानेच परिचारिका टंचाईच्या यादीत आहेत. परंतु कोणत्याही एका देशाला ठरावीक टक्क्यांहून अधिक व्हिसे नाहीत, या नियमामुळे भारतीय मुलीची रांग दशकाहून लांब झाली आहे. आखातात प्राप्तिकर नाही, राहण्याची सोय बहुधा मालकाची, म्हणून शिल्लक चांगली. पण तिथे आयुष्य काढूनही तुम्ही पाहुणेच.

आमचे काही समाजवादी मित्रही म्हणतात की, देशात हजारी जेमतेम दोन परिचारिका असताना त्यांना बाहेर जाऊ देणे हा राष्ट्रद्रोह आहे, बंदी घाला. मला हे मान्य नाही. जिचे शिक्षण बापाने कर्ज काढून केले तिच्यावर राष्ट्राने हक्क कशाच्या बळावर सांगायचा? खरा हिशेब उलटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतील २३ टक्के परिचारिका परदेशांत जन्मलेल्या आहेत. त्यांतील कित्येकींना घडविण्याचा खर्च गरीब देशांतल्या कुटुंबांनी केला. सांगली जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार ब्रिटनच्या आरोग्य खात्याला अनुदान देतो आहे, असे म्हटले तर अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अतिशयोक्ती नाही. आणि आपले सरकार त्याची वसुली करीत नाही. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन व्यापारकराराबरोबर सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीतून सूट देण्याचे ठरले, ते कंपन्यांनी तात्पुरते पाठविलेल्या कर्मचाऱ्यांसाठी. तेथील रुग्णालयाने थेट नेमलेल्या परिचारिकेच्या वाट्याला त्यातले काही नाही. वाटाघाटीच्या टेबलावर सॉफ्टवेअर कंपन्यांचा माणूस होता, सिस्टर नव्हती.

यात आपल्या मराठी मध्यमवर्गाचाही वाटा आहे. मुंबई-पुण्याची रुग्णालये कित्येक दशके केरळी सिस्टरांच्या बळावर चालली आणि आपण त्यांच्या कामाला हलके मानले. त्यांचे दाखले अडकवून ठेवणारे बाँड आपल्याच शहरांत लिहिले गेले, तेव्हा आपण गप्प होतो. आज आपल्या मुली त्या पेशात आल्यावर आपल्याला पगाराची आठवण झाली. उशिरा का होईना, झाली.

म्हणून जाणाऱ्या मुलीला माझे सांगणे दोनच गोष्टींचे. कराराची प्रत स्वतःच्या भाषेत समजून घेतल्याशिवाय सही करू नका, आणि मुदतीआधी नोकरी सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल ते कलम सर्वांत आधी वाचा. उचल तिथे लपलेली असते. दुसरे, तिथे पोचताच युनियनचे सभासद व्हा. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने आपल्या इतिहासातला पहिला देशव्यापी संप केला. वेतनाच्या त्या भांडणात तुमचीही भाकरी होती.

आज सकाळी एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले की, ब्रिटनच्या नोकरीसाठी एजंट सहा लाख मागतो, शेत गहाण ठेवू का? ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेनुसार एजन्सीने उमेदवाराकडून एक पैसाही घ्यायचा नाही. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटालाही तीस हजार आणि त्यावरील कर यांपलीकडे सेवाशुल्क घेता येत नाही. सहा लाखांची पावती तो एजंट देत नाही, असे ते गृहस्थ म्हणाले. ते इथे सभेत बसले आहेत आणि सभा संपल्यावर त्यांच्यापाशी असलेले कागद आम्ही दोघे वाचायला बसणार आहोत. ज्यांच्याजवळ असे कागद असतील त्यांनी कृपया थांबावे.