वटपौर्णिमेला पिल्लं, आखाडात कोंबडी

कसबा पेठेत राहून मी ब्रॉयलर कोंबड्या पाळते असं सांगितलं, की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वास येत नाही?" दुसरा प्रश्न, "परवडतं का?" पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, आजचं निम्मं बोलणं त्यावरच होणार आहे. दुसऱ्याचं आधी देऊन टाकते. पैसे वाचवायचे म्हणून पाळणार असाल, तर पाळू नका. पंचवीस पिल्लं, खाद्याची दोन पोती, तूस, लस, विजेचा दिवा, सगळ्याची बेरीज केली की किलोचा भाव कोपऱ्यावरच्या दुकानाच्या आसपासच जातो, कधी वरही. दुकानातली कोंबडी हजारोंच्या शेडमधून येते, तिच्याशी आपण काय स्पर्धा करणार? आपल्याला मिळतं ते एवढंच, की ताटातल्या कोंबडीनं काय खाल्लं आणि ती कशावर बसली, हे आपल्याला माहीत असतं. मला तेवढं पुरतं.

कसबा ही पुण्यातली सगळ्यात जुनी पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा, अशी कारागिरांची वस्ती. माझ्या सासूबाईंच्या काळी आमच्या वाड्याच्या परसात आठ-दहा गावरान कोंबड्या असायच्या. त्या दिवसभर उकिरडा उकरायच्या, सांज झाली की टोपल्याखाली जायच्या. त्यांना कोणी 'पाळत' नव्हतं, त्या आपोआप असायच्या. ब्रॉयलरचं तसं नाही. चाळीसेक ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचं होतं. लोक म्हणतात, हार्मोनची इंजेक्शनं देतात. तसं काही नसतं हो. पिढ्यान् पिढ्या वाढीच्या वेगासाठी निवडून तयार केलेली ती जात आहे. पण या वेगामुळेच ती नाजूकही आहे. गावरान कोंबडी आपली चूक पोटात घालते, ब्रॉयलर घालत नाही.

आता हिशेब दिवसांचा. आमच्याकडे श्रावण पाळतात, पुढे गणपती, मग नवरात्र. तेव्हा कोंबडीचा खरा मान आखाडात, आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात. वटपौर्णिमेपासून आषाढ अमावास्येपर्यंत साधारण चव्वेचाळीस दिवस होतात. म्हणजे सहा आठवडे आणि दोन दिवस. वडाला सूत गुंडाळून आलं की दुसऱ्या दिवशी पिल्लं आणायची, इतकं हे गणित सरळ बसतं! फक्त त्यात एक मेख आहे. हेच सहा आठवडे पुण्यातल्या पावसाचे. हवा ओली, ऊन नाही, आणि कोंबडीच्या बिछान्याला ओल म्हणजे विष.

म्हणून मी तूस मे महिन्यातच भरते. मावळात, कामशेतच्या बाजूला भाताच्या गिरण्या आहेत, तिथलं तूस मला सगळ्यात पसंत आहे. हलकं, मोकळं, लवकर कुजत नाही. सहा बाय सहा फूट जागेत तीन इंचांचा थर द्यायला दोन पोती, आणि वरून बदलायला आणखी दोन. पोती कडक उन्हात वाळवून माळ्यावर टाकायची. ते नसेल तर सुतार रंधा मारतात तेव्हा निघणारा लाकडाचा जाडसर भुसा चालतो. ओल शोषण्यात तो तुसापेक्षा सरसच. मात्र करवतीचा बारीक भुसा नको. पिल्लं तो खातात, आणि त्याची धूळ त्यांच्या छातीत जाते. प्लायवूडचा भुसा तर मुळीच नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. शेंगांची टरफलं स्वस्त मिळतात, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी लगेच धरते. गव्हाचं काड ओल पीत नाही, त्याची चटई होते. आणि रद्दी? पहिले दोन दिवस तुसावर अंथरायला ठीक. नवं पिल्लू तूस टोचून खाऊ नये म्हणून वर कागद, कागदावर मक्याचा भरडा. पुढे कागद काढायचाच. त्यावर पाय घसरतात, पिल्लाचे पाय बाजूला फाकतात ते मग नीट होत नाहीत.

ओल येते कुठून? पाऊस आत येऊ दिला नाही तरी ती येतेच. कोंबडी जेवढं खाते त्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते. एक कोंबडी सहा आठवड्यांत साडेतीन-चार किलो खाद्य खाते; म्हणजे पंचवीस कोंबड्या मिळून दीडशे लिटरहून जास्त पाणी पितात, आणि त्यातलं बरंचसं तुसावर उतरतं. त्यात भांडं सांडलं तर विचारूच नका. मी कुंभारवाड्यातून मडकं आणि पसरट परळ आणते. मडक्याच्या काठाजवळ एक भोक पाडायचं, परळाच्या काठापेक्षा खाली. पाणी भरून मडकं परळात उपडं घातलं, की जेवढं पितील तेवढंच पाणी खाली येतं. हे भांडं विटांवर ठेवायचं आणि कोंबडी वाढेल तशा विटा वाढवायच्या. काठ नेहमी तिच्या पाठीच्या उंचीला हवा. खाली असला की ती त्यात पाय घालते, पाणी उडवते.

रोज सकाळ-संध्याकाळ लहान दाताळ्यानं तूस हलवायचं. मूठभर उचलून दाबायचं : मूठ सोडल्यावर तूस मोकळं झालं तर छान, लाडू राहिला तर ओल जास्त. तिसरी परीक्षा नाकाची, पण ती उभ्यानं नाही करायची. खाली बसायचं, नाक कोंबडीच्या उंचीला न्यायचं. आपल्याला उभ्यानं काही कळत नाही तेव्हा खाली त्यांचे डोळे अमोनियानं चुरचुरत असतात. पुष्कळ जण वास आला की वरून चुना भुरभुरतात. ओल्या विष्ठेवर चुना पडला की अमोनिया उलट जोरात सुटतो. आधी ओला थर पोत्यात भरून बाहेर काढावा, जमीन कोरडी करावी, मग खाली चुना आणि वर नवं तूस. ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पशुवैद्यक गाठा.

खाद्याबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे फार कारागिरी करू नये असं माझं मत आहे. मका, सोयाबीनची पेंड, खनिजं आणि जीवनसत्त्वं यांचं तयार खाद्य मिळतं, आधी स्टार्टर आणि शेवटचे अडीच-तीन आठवडे फिनिशर. सुरुवातीला प्रथिनं जास्त, पुढे थोडी कमी. पोतं भिंतीला न टेकवता फळीवर ठेवा. खाद्याला कुबट वास आला तर पैसे गेले असं समजून टाकून द्या. मक्याच्या आणि शेंगदाणा पेंडीच्या बुरशीचं विष यकृतावर जातं. घरातलं उरलंसुरलं घालून खर्च वाचवावा, असं अनेकांना वाटतं. शिळी भाकरी किंवा कोथिंबिरीच्या काड्या चिमूटभर चालतील. पण फरसाण, लोणच्याचा खार, खारट आमटी अजिबात नको. मीठ जास्त झालं की पाणी जास्त पितात, पाणी जास्त झालं की विष्ठा पातळ, आणि तुमचं तूस संपलं! औषधाचंही सांगते. वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविक द्यायचं नाही. कोलिस्टिन नावाचं औषध माणसाच्या अगदी शेवटच्या उपचारांत लागतं, म्हणून जनावरांना आणि कोंबड्यांना ते देण्यावर केंद्र सरकारनं २०१९ मध्ये बंदी घातली. आजारासाठी वैद्यकानं काही दिलंच, तर ते बंद केल्यावर किती दिवसांनी कोंबडी खायची, हे त्यांना विचारा.

लस मात्र टाळू नका. पहिल्या आठवड्यात मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा डोळ्यात थेंब घालून. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरोची पाण्यातून. लस जिवंत असते आणि आपल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून त्या दिवशी पाणी उकळून गार केलेलं घ्यावं. लशीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते आणि उघडली की दोन तासांत संपवावी लागते. दोन-तीन घरांनी मिळून पिल्लं आणली तर ती वाया जात नाही.

जुन्या वाड्यात दोन शत्रू असतात, घुशी आणि आवाज. घुशींसाठी अर्ध्या इंचाची जाळी, तीही जमिनीत फूटभर पुरलेली. आवाजाचं वेगळं आहे. तांबट आळीतली ठोकाठोक पिल्लांना दोन दिवसांत सवयीची होते. तो एका लयीतला आवाज. पण आखाडात नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होतो. पहिल्या दणक्याला सगळी पिल्लं एका कोपऱ्यात धावतात, एकमेकांवर चढतात, आणि खालची गुदमरतात. म्हणून कोपरे ठेवायचेच नाहीत. पुठ्ठा वाकवून चारही कोपरे गोल करायचे आणि रात्री मंद दिवा चालू ठेवायचा. दिवा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उबेसाठीही लागतो. पिल्लं दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, लांब पळून धापा टाकत असतील तर उकडतं आहे, सगळीकडे पांगून खात असतील तर बरोबर. वीज गेली म्हणून कोळशाची शेगडी बंद खोलीत नेऊ नका, त्या धुरानं पिल्लंही जातात आणि माणूसही.

आता शेजाराबद्दल. सुरू करण्याआधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात परवानगीचं विचारून घ्यावं. पण वाड्यातल्या माणसांना त्याच्याही आधी विचारावं. आमच्या परसावर माडीची एक खिडकी उघडते. तिथे एक आजोबा राहतात, त्यांना जुना दमा आहे. मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, पाळा. मी तक्रार करणार नाही. वास आला तर खिडकी लावून घेईन, एवढंच." मला ही परवानगी तक्रारीपेक्षा जड वाटली. पावसाळ्यात ती खिडकी हाच त्यांचा सगळा वारा.

एका वर्षी जुलैत चार दिवस झड लागली, उघडीप म्हणून नाही. पिल्लं तेहेतीस दिवसांची, खाणं-पिणं ऐन जोरात. हवेतच इतकी ओल, की सकाळी हलवलेलं तूस दुपारी पुन्हा चिकटायचं. पाचव्या दिवशी सकाळी वर पाहिलं, तर खिडकीची एक फळी लावलेली, एक उघडी. त्या दिवशी मी आणि घरातल्यांनी दुसरं काही केलं नाही. कोंबड्या टोपल्यांत घालून ओसरीवर आणल्या, वरचा चार बोटं थर खरवडून पाच पोती बाहेर काढली, फरशी पुसली, टेबलफॅन लावून वाळवली आणि माळ्यावरचं राखलेलं तूस सगळं अंथरलं. शिवाय त्याच संध्याकाळी सात कोंबड्या कापायला दिल्या. त्या दीड किलोच्याच भरल्या, पण जागा मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही फळ्या उघड्या होत्या. तेव्हापासून पावसाळ्यात मी पंचविसांऐवजी अठराच आणते. कमी पक्षी हा सगळ्यात स्वस्त बिछाना आहे.

कापण्याचा दिवस पिल्लं आणतानाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, आणि घरातल्या मुलांनाही त्याच दिवशी सांगा. जीव लागला म्हणून ब्रॉयलर ठेवून घेणं ही दया नव्हे. सात-आठ आठवड्यांपुढे वजन पायांना पेलत नाही, हृदयावर ताण येतो, पोटात पाणी होतं. ज्यांना बाळगायच्याच असतील त्यांनी गिरिराज किंवा वनराज आणावी. खडकीला पशुसंवर्धन खात्याचं अंडी उबवणी केंद्र आहे, तिथे अशा पिल्लांची चौकशी करता येते.

आम्ही कोंबड्या ओळखीच्या दुकानात नेतो. दोन किलोची कोंबडी साफ करून साधारण एक किलो चारशे ग्रॅम भरते. घरी आणल्यावर ती नळाखाली धूत बसू नका. उडणाऱ्या शिंतोड्यांनी जंतू ओट्यावर पसरतात. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची साथ आली, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशय मुख्यतः दूषित पाण्यावर होता. पण हा जंतू कोंबडीच्या आतड्यातही राहतो. वेगळी पाटी, वेगळी सुरी, साबणानं हात, आणि हाडाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत शिजवणं, एवढं केलं की घाबरायचं कारण उरत नाही. बर्ड फ्लूचंही तेच. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला कोंबड्या गेल्या, तेव्हा लोकांनी कोंबडी खाणंच सोडलं होतं. नीट शिजवल्यावर तो विषाणू टिकत नाही. मात्र तुमच्याकडे एकाएकी तीन-चार पक्षी मेले, तर ते पिशवीत घालून नदीत किंवा कचऱ्यात टाकू नका. हात लावू नका आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

राहिलं वापरलेलं तूस. ते ताजं झाडांना घातलं तर मुळं जळतात. पाचोळ्यात मिसळून, ओलसर ठेवून, दोन-तीन महिने कुजवावं. मग गुलाबाला, कढीपत्त्याला त्याच्यासारखं खत नाही. जागा नसेल तर रोपवाटिकावाले पोती उचलून नेतात. खोली धुवायची, भिंतींना चुना मारायचा आणि निदान पंधरा दिवस रिकामी ठेवायची. आमच्याकडे तोवर श्रावण लागलेला असतो.