अर्भकाची मूक आकडी



माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. त्या नोकरींत मी एक गोष्ट शिकलों. जो मुलगा आरडाओरडा करतो त्याच्याकडे मास्तरांचें लक्ष आपोआप जातें. परंतु मागल्या बाकावर जो मुकाट्यानें बसतो, त्याचें दुःख वर्ष संपेपर्यंत कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. आजच्या विषयाचें मर्म मला याच अनुभवामुळें उमगलें.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या मुलीला पहिला मुलगा झाला. प्रसूति अवघड होती; मूल जन्मतांच रडलें नाहीं. अशा अर्भकांचें शरीर सुमारें ३३.५ अंशांपर्यंत थंड करून ७२ तास तसेंच ठेवण्याचा जो उपचार आहे, तो त्यावर सुरू झाला. डोक्याला बारीक तारा चिकटविल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मी भेटीस गेलों, तेव्हां बाळ स्वस्थ निजलेलें दिसलें. मला हायसें वाटलें. इतक्यांत यंत्राची घंटी वाजली. डॉक्टरीणबाईंनीं पडद्यावरचा आलेख पाहिला आणि त्या म्हणाल्या, "आजोबा, बाळाला आकडी आली आहे."

"बाई, तें तर निजलें आहे!" मी म्हणालों.

"निजल्यासारखें दिसतें खरें. आकडी आंत मेंदूंत चालू आहे."

हें कसें होतें, तें सांगतों. मेंदूंतील पेशी विद्युत्-संदेशांनीं परस्परांशीं व्यवहार करितात. पुष्कळ पेशी एकाच तालांत अनावर संदेश सोडूं लागल्या कीं आकडी येते. मोठ्या माणसांत ती बहुधा हातापायांच्या झटक्यांवरून ओळखूं येते. नवजात अर्भकाच्या मेंदूंतील जोडण्या अपुऱ्या असतात. त्यामुळें आंतलें वादळ पुष्कळदां स्नायूंपर्यंत पोंचतच नाहीं. शिवाय औषध दिल्यावर बाहेरची हालचाल थांबते, पण आंतली आकडी चालू राहते, असेंही घडतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ९ अर्भकांच्या आलेखांवर ५२६ आकड्या आढळल्या. त्यांपैकीं सुमारें एक-तृतीयांश आकड्यांचेंच कांहीं बाह्य लक्षण दिसलें. आणि शुश्रूषा करणाऱ्यांस ओळखतां आल्या त्या शेंकडा ९ मात्र! उलट, ज्या हालचालींना त्यांनीं आकडी मानलें, त्यांतील बहुतेक आकड्या नव्हत्याच. म्हणजे डोळ्यांवर विसंबल्यास आकडी सुटते आणि नको त्या बाळाला औषधही दिलें जातें.

खरी साक्ष देतो तो मेंदूचा विद्युत्-आलेख, म्हणजे ई. ई. जी. हान्स बेर्गर या जर्मन वैद्यानें येना येथें १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढला आणि १९२९ सालीं तो जगापुढें मांडला. या लहरी इतक्या सूक्ष्म असतात कीं त्या व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजाव्या लागतात. परंतु आलेख काढणें निराळें आणि वाचणें निराळें. तो दिवसचे दिवस चालतो. आणि नवजात अर्भकाचा आलेख वाचूं शकणारा तज्ज्ञ मध्यरात्रीं खाटेपाशीं कोठून असणार?

म्हणून यंत्राला वाचन शिकवावें, हा विचार पुढें आला. १९९७ सालीं मॉन्ट्रियल येथील जीन गॉटमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशी एक पद्धति प्रसिद्ध केली. हल्लींचीं यंत्रें आलेखाचे कांहीं सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येकांत लहरींची उंची, वेग व पुनरावृत्ति मोजतात, आणि आकडीची शक्यता किती तें सांगतात. त्यांचें शिक्षण आमच्या शाळेसारखेंच होतें: आधीं सोडविलेलीं उदाहरणें, मग परीक्षा. हेलसिंकी येथील ७९ अर्भकांचे आलेख तीन तज्ज्ञांनीं स्वतंत्रपणें तपासले आणि २०१९ सालीं ते सर्व संशोधकांस खुले झाले. गंमत अशी कीं त्या तिघां परीक्षकांचेंही सर्वत्र एकमत झालें नाहीं!

आतां या विद्यार्थ्याचें प्रगतिपुस्तक पाहूं. आयर्लंडमधील कॉर्क येथील संशोधकांच्या पुढाकारानें चार देशांतील आठ रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. कोणत्या बाळाला आकडी येते, हें ओळखण्यांत यंत्राच्या साहाय्यानें विशेष फरक पडला नाहीं. मात्र ज्या ज्या तासांत आकडी होती, ते तास ओळखण्याचें प्रमाण शेंकडा ४५ वरून ६६ वर गेलें. आकडी किती वेळ चालली, यावर उपचार अवलंबून असल्यामुळें हा लाभ लहान नव्हे. पण यंत्र सर्वज्ञ झालें, असेंही कोणी म्हणूं नये.

याचा प्रत्यय आम्हांसही आला. चौथ्या दिवशीं मुलगी बाळाला हलकेंच थोपटीत होती. तोंच घंटी वाजली! तिचा हात तेथेंच थिजला आणि डोळ्यांत पाणी आलें. डॉक्टरीणबाईंनीं आलेख न्याहाळला, तिच्या हाताकडे पाहिलें, आणि हंसून म्हणाल्या, "क्षणभर थोपटूं नका बरें." पडद्यावरची ती तालबद्ध लहर नाहींशी झाली. थोपटण्याच्या तालानें तारा हालत होत्या. यंत्रानें त्या मायेलाच आकडी मानलें होतें. यंत्र लक्ष वेधतें. निवाडा जाणत्या माणसानेंच करावयाचा.

नातू आतां तीन वर्षांचा आहे. तो उशिरां चालूं लागला, उजवा हात अजून जरा मागें राहतो. पण गोष्ट ऐकल्यावांचून निजत नाहीं. तो यंत्रामुळें वांचला, असें मी म्हणत नाहीं. उपचार अनेक होते. पण त्या संध्याकाळीं बाळ स्वस्थ आहे असें समजून मी समाधान मानलें होतें, आणि तें समाधान खोटें होतें, हें मी विसरलों नाहीं. आपल्या घरीं कोणाची प्रसूति अवघड झाली आणि बाळ जन्मतांच रडलें नाहीं, तर "आतां शांत आहे ना" एवढ्यावर थांबूं नका. मेंदूचा आलेख काढण्याची सोय येथें आहे काय, आणि तो वाचणारें कोण, असें डॉक्टरांस नम्रपणें विचारा. जें बाळ रडून सांगूं शकत नाहीं, त्याच्या वतीनें विचारणें हें आपलेंच काम आहे.