बांधीतले बुडबुडे

मृग लागला, तिरोड्याकडे उकिरडे उपसणे सुरू झाले, म्हणून आज खताबद्दल बोलू.

रोवणीच्या वेळी बांधीत पाय टाकला की चिखलातून बुडबुडे येतात. आम्हाला वाटायचे, हवा असेल. तो मिथेन असतो, गोबरगॅसच्या चुलीत जळतो तोच. पाण्याखाली हवा पोचत नाही, तिथे कच्चे शेण नि काडीकचरा सडला की तो निघतो. चुलीत जळला तर भाकर भाजते. बांधीतून वर गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 27 पट तापवतो.

मग शेणखत टाकायचेच नाही का? टाकायचे, पण मुरलेले. मागच्या साली आमच्या गटाने घाईघाईत अर्धे कुजलेले शेण चिखलणीआधी पसरवले. सडक्या अंड्यासारखा वास सुटला, रोप पिवळे पडले. चूक आमचीच. आता ढीग महिनाभराने उलथतो, पावसात वरून झाकतो. हातात घेतले की मातीसारखे भुरभुरीत लागले, शेणाचा वास गेला, की समजावे मुरले.

आता युरिया. 45 किलोच्या पोत्यात नत्र 21 किलोच्या आतबाहेर. उभ्या पाण्यात फेकला की बराच अमोनिया होऊन उडतो. बांधी सुकते, परत भरते, तेव्हा उरलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो. निघतो थोडा, पण किलोला किलो तो कार्बन डायऑक्साइडच्या 270 पट भारी. 2015 पासून युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, त्याने नत्र सावकाश सुटते. तरी स्वस्त म्हणून हात सैल सुटतोच.

चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीच्या गोळ्या असतात. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. नत्र चिखलातच राहते, मुळांना मिळते, खत कमी लागते. पण खोचणार कोण? रोवणाऱ्या बायाच. वाकलेली कंबर आणखी वाकायची नि मजुरी तीच! आम्ही घरी स्पष्ट सांगितले: खताचे पैसे वाचतील, त्यातले गोळ्या खोचणाऱ्या बाईला द्या.

बरीच बोलाचाली झाली. शेवटी अर्धा एकर मिळाला, तोही धुऱ्याकडचा, सगळ्यात हलका. बाजूच्या बांधीत नेहमीसारखा युरिया पडेल. चुरणी झाली की दोन्हीकडची पोती मोजू आणि इथेच सांगू, कमी भरली तरी.