घरातील वर्ग आणि घरातील हक्क

(बुद्धविहारातील पालक-विद्यार्थी सभेत केलेले भाषण)



साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे, हे आपण जाणताच. आज ऑनलाईन अभ्यासक्रमाच्या वर्गाला दार नाही; तेथे कोणी कोणास बाहेर बसवीत नाही. परंतु जेथे अडविणारा कोणी नाही, तेथे हाक मारणाराही कोणी नाही. हजेरी नाही, घंटा नाही. म्हणून हुशार विद्यार्थीही उत्साहाने नाव नोंदवितात आणि दोन-तीन आठवड्यांत मागे पडतात.

प्रथम नियम समजून घ्या. भारत सरकारने २०१७ साली ‘स्वयम्’ ही ऑनलाईन शिक्षणाची सोय सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय तेथे शिकून त्यांचे श्रेयांक पदवीत जमा करण्याची वाट मोकळी केली. मात्र त्यासाठी आपल्या महाविद्यालयाची मान्यता आधी लेखी घ्या. पाठ विनामूल्य असतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी निराळी नोंदणी करून शुल्क भरावे लागते व केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. अभ्यासक्रमास नाव घातले म्हणजे परीक्षेसही घातले, असे समजून बसू नका. धम्मदीक्षेमुळे अनुसूचित जातीचा दर्जा जातो, ही भीतीही सोडा. १९९० च्या दुरुस्तीने तो बौद्धांनाही लागू झाला आहे. तेव्हा जातीचा दाखला वेळेवर काढा आणि शिष्यवृत्तीचा व शुल्कसवलतीचा प्रत्येक नियम वाचा.

आता अभ्यासाविषयी. पाठ नुसता पाहिल्याने ज्ञान होत नाही. दर दहा मिनिटांनी तो थांबवा आणि समजले ते आपल्या शब्दांत वहीत लिहा. लिहिता आले नाही, तर पाठ पुन्हा ऐका. शिक्षकांना तुमचा चेहरा दिसत नाही. म्हणून शंका लिहूनच विचारली पाहिजे, त्यात संकोच नको. साप्ताहिक स्वाध्याय मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा. अखेरच्या रात्री नेटवर्क जाते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. एकच विषय घेणाऱ्या तिघाचौघांनी रविवारी येथे विहारात जमावे आणि एकमेकांस समजावून सांगावे. घंटेची उणीव अशी सोबतच भरून काढते.

पालकांनो, आता तुमच्याशी बोलतो. घरात मोबाईल एक, खोली एक आणि शिकणारी मुले दोन असतात. मुलगा फोन घेऊन बसला की तो अभ्यास करतो, असे आपण म्हणतो. मुलगी बसली की तिला चुलीपाशी हाक जाते, किंवा तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. २०१९ साली केरळमध्ये वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने सायंकाळी मोबाईल जमा करण्याच्या नियमास विरोध केला, म्हणून तिला काढून टाकण्यात आले. ती उच्च न्यायालयात गेली. इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला आणि तिला परत घेण्यास सांगितले. न्यायालयाने वसतिगृहात जो हक्क मान्य केला, तो आपल्या घरात लेकीला मिळू नये काय? घरासाठी कोणी रिट अर्ज करीत नाही. तेथे न्याय आईबापांनीच करावयाचा असतो.

तथागतांनी अखेरचा उपदेश अप्रमादाचा केला. विद्यार्थ्याचा अप्रमाद म्हणजे रोज ठरल्या वेळी वही उघडणे. पालकांचा अप्रमाद म्हणजे ती वेळ मोडू न देणे. आज घरी गेल्यावर भिंतीवरील दिनदर्शिकेत प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे अभ्यासाचे दोन तास लिहा. त्या वेळी फोन त्यांचा, कोपरा त्यांचा, आणि घरकाम इतरांचे. एवढे केलेत, तर दार नसलेल्या या वर्गातून आपली मुले उत्तीर्ण होऊनच बाहेर पडतील.

जयभीम !